संगणकीय जीवशास्त्र आणि शेतातील संशोधन, दोन्ही एकाच कारकिर्दीत जमते का?

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर संगणकीय जीवशास्त्र निवडावे की शेतात जाऊन संशोधन करावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते यांतले एक सोडण्याची गरज नाही. मी परभणी-जालना पट्ट्यात कपाशीवरील गुलाबी बोंडअळीवर काम करतो; हंगामात शिवारात असतो आणि पऱ्हाट्या उपटल्या की संगणकासमोर बसतो. २०१७ साली या अळीने मराठवाड्यातील बीटी कपाशीचे केलेले नुकसान पाहूनच मी या विषयाकडे वळलो.

एका उन्हाळ्यात कामगंध सापळ्यांच्या (मादीच्या गंधाचे आमिष लावून या अळीचे नर पतंग पकडणाऱ्या सापळ्यांच्या) नोंदी संगणकावर मांडताना एका गावातील पतंगांची संख्या इतकी मोठी निघाली, की प्रोग्रामने तो आकडा सदोष ठरवला. शेतात कपाशी नसताना पतंग कोठून येणार, असे मलाही वाटले. तरीही तो वगळण्याआधी मी गावात गेलो. ज्यांच्या शेतात सापळा होता, ते काका म्हणाले, "जिनिंगमधी सरकीचा ढीग हाय, तिथूनच येऊ लालेत पाखरं." त्यांनी मला त्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात नेले आणि एकमेकींना चिकटलेल्या दोन सरक्या नखाने उकलून दाखवल्या, आत अळी होती. सुप्तावस्थेतील अळी अशा जोडसरकीत महिनोन् महिने राहते, हे मी वाचले होते, पण जिनिंगपासूनचे अंतर माझ्या गणितात कोठेच नव्हते.

शेताने संगणकावरचे गणित सुधारले, तसे संगणकावरच्या कामाचे ज्ञान शेतातही उपयोगी पडते. बीटी कपाशीतील क्राय१एसी हे अळीला मारणारे प्रथिन अळीच्या आतड्यातील कॅडहेरिन या प्रथिनाला चिकटून काम करते. भारतातील प्रतिकारक्षम अळ्यांमध्ये कॅडहेरिनच्या आरएनएचे (जनुकावरून उतरणाऱ्या प्रतीचे) तुकडे अनेक सदोष प्रकारे जोडले जातात, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यामुळे केवळ डीएनए तपासून भागत नाही, आणि आरएनए तर उन्हात फार लवकर विघटित होते. म्हणून बोंड फोडल्याबरोबर अळी बांधावरच संरक्षक द्रावणात टाकावी लागते. पुढचे विश्लेषण ज्याला ठाऊक आहे, तोच ही घाई मनापासून करतो.

आर आणि पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषा आपण घरी शिकू शकाल, संख्याशास्त्र मात्र कोणाकडून तरी नीट शिकून घ्यावे. येत्या जुलैत ओळखीच्या शेतात कामगंध सापळे लावा आणि रोज सकाळी पतंग मोजा. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग, ही आर्थिक नुकसानीची पातळी मानतात. आपल्या शिवारात ती कोणत्या आठवड्यात ओलांडली जाते, याचा आलेख स्वतः काढून पाहा.