जर्मन येत नसेल तर जर्मन ऑपेरा इंग्रजी भाषांतरात ऐकावा का?

तुम्ही विचारलंय की ऑपेरा नुकताच ऐकायला लागलोय, जर्मन येत नाही, इंग्रजी चांगलं येतं. इंग्रजीत गायलेली जुनी रेकॉर्डिंग्ज सापडली आहेत, पण जाणकार मित्र म्हणतो, "ती ऐकू नकोस, कान बिघडतील."

ऐका. कान बिघडत नाहीत. मात्र कुठला ऑपेरा इंग्रजीत ऐकायचा आणि कुठला नाही, यात फरक आहे. आधी माझी फजिती सांगतो.

मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वर्षभर जर्मन शिकलो होतो. तेवढ्या भांडवलावर वाग्नर या जर्मन संगीतकाराचा 'झीगफ्रीड' हा ऑपेरा ऐकायला बसलो. दुसऱ्या अंकात मीमे नावाचा बुटका लोहार झीगफ्रीडशी बोलतो. त्यानेच या पोराला लहानपणापासून वाढवलेलं असतं. संगीत इतकं गोड, इतकं लाडिक, की मला वाटलं म्हातारा पोराची समजूत काढतोय. बरीच वर्षं माझा हाच समज होता. पुढे कामानिमित्त दीड वर्ष लीड्सला होतो. तिथे जुन्या वस्तूंच्या एका दुकानात चार सीडींचा खोका पाच पौंडांत मिळाला. वर नाव 'सीगफ्रीड', खाली लिहिलेलं, 'इंग्रजीत गायलेला'. घरी येऊन लावला आणि त्या प्रसंगाला उडालोच.

झीगफ्रीडने नुकतंच अजगराचं रक्त चाखलेलं असतं. त्यामुळे त्याला मीमेचे शब्द नाही, मीमेच्या मनातलं ऐकू येतं. मीमेला वाटत असतं की आपण गोड बोलतोय, आणि तोंडून निघत असतं, की हे पेय पी, तू झोपलास की तुझ्याच तलवारीने तुला संपवतो. झीगफ्रीड विचारतो, म्हणजे मला झोपेत मारणार? मीमे चिडून म्हणतो, छे, असं कुठे म्हणालो मी? आणि मग अगदी लाडात येऊन सांगतो की मला पोराचं फक्त मुंडकं उडवायचंय. वाग्नरने संगीत मीमेच्या ढोंगाला दिलंय आणि शब्द त्याच्या पोटातल्या विषाला. दोन्ही एकाच वेळी कळले तरच गंमत. शब्द कळले नाहीत तर माझ्यासारखं अंगाईगीत ऐकल्याचं समाधान मिळतं.

पुस्तिकेत भाषांतर छापलेलं असतंच, ते वाचत ऐकलं की झालं, असं तुमचा मित्र म्हणेल. मीही तसं करून पाहिलंय. पण विनोद वाचून कळणं आणि कानावर आदळून हसू फुटणं, यात अर्ध्या सेकंदाचं अंतर असतं आणि त्या अर्ध्या सेकंदात विनोद मरतो. शिवाय 'झीगफ्रीड' हा वाग्नरच्या 'रिंग' या मालिकेतला एक भाग, आणि 'रिंग'चे चार ऑपेरा मिळून पंधरा तासांच्या आसपास जातात. इतका वेळ बारीक टायपात डोळे घालून बसणं म्हणजे ऐकणं नव्हे, परीक्षेची तयारी.

तो खोका रेजिनाल्ड गुडॉल या वाद्यवृंद-संचालकाच्या 'रिंग'मधला होता. लंडनची सॅडलर्स वेल्स ऑपेरा ही कंपनी सगळं इंग्रजीतच गायची. १९६८ साली ती कोलिसियम थिएटरमध्ये गेली आणि १९७४ मध्ये तिचं नाव इंग्लिश नॅशनल ऑपेरा झालं. त्याआधी, १९६८ च्याच जानेवारीत, गुडॉलने या कंपनीसाठी वाग्नरचा 'मास्टरसिंगर्स' इंग्रजीत केला. तोवर हा माणूस कॉव्हेंट गार्डन या लंडनच्याच दुसऱ्या ऑपेरागृहात वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत गायकांची तालीम घेत बसलेला असे. त्या खोलीला लोक थट्टेने 'व्हल्हाला' म्हणत, म्हणजे देवांचा महाल. वय सहासष्ट. 'मास्टरसिंगर्स' इतका गाजला की पाठोपाठ पूर्ण 'रिंग' ठरली. संगीतसमीक्षक अँड्र्यू पोर्टरने तिचं नवं इंग्रजी भाषांतर केलं आणि १९७३ ते १९७७ दरम्यान चारही भाग प्रत्यक्ष प्रयोगांत रेकॉर्ड झाले. गुडॉलच्या राजकीय मतांबद्दल बोलायचं तर तो ब्रिटिश फॅसिस्टांच्या बाजूचा होता. ते लपवण्यात अर्थ नाही, पण गायकांना घडवण्यात त्याचा हात धरणारे थोडेच होते.

त्याची लय संथ आहे, कधी कधी फारच. व्हिएन्नात १९५८ ते १९६५ मध्ये रेकॉर्ड झालेली सोल्टी या संचालकाची जर्मन 'रिंग' चौदा सीडींत बसते, गुडॉलची सोळा घेते. पण या संथपणामुळेच शब्द सुटे, स्वच्छ ऐकू येतात. गायकही तसेच: देवांचा राजा व्होटान नॉर्मन बेलीचा, त्याची मुलगी ब्रुनहिल्ड रिटा हंटरची, आणि लिव्हरपूलचा अल्बर्टो रेमेडिओस. रेमेडिओसचा झीगफ्रीड ओरडत नाही, गातो. हे किती दुर्मीळ आहे ते चार-पाच झीगफ्रीड ऐकलेत की कळेल.

आता भाषांतरात नेमकं काय हरवतं ते. यावर लोक मोघम बोलतात, "मूळ भाषेचा गोडवा" वगैरे. खरी अडचण अगदी मोजता येण्याजोगी आहे. जर्मनमध्ये प्रेमाला शब्द आहे 'लीबं'. दोन अक्षरं, पहिल्यावर जोर, दुसरं हलकं. संगीतकार त्यावर दोन स्वर ठेवतो, एक वजनदार आणि एक खाली उतरणारा. इंग्रजीत शब्द आहे 'लव्ह'. अक्षर एकच. दुसऱ्या स्वराचं काय करायचं? एकतर 'लव्ह'लाच ताणून दोन्ही स्वर द्यायचे, नाहीतर पुढे एखादा भरतीचा शब्द टाकायचा, नाहीतर दोन स्वरांचा एक करायचा, म्हणजे संगीतकाराच्या लिखाणात हात घालायचा. जर्मन क्रियापदांची मूळ रूपंही बहुतेक अशीच संपतात, 'लीबन', 'श्टेर्बन'. त्यामुळे ही पंचाईत प्रत्येक पानावर. मराठीत गाताना आपण 'प्रेम'मधला शेवटचा 'म' पूर्ण उच्चारतो, बोलताना नाही. तोच हलका शेवट इंग्रजीकडे नाही.

दुसरी गोष्ट वाक्यरचनेची. जर्मन गौणवाक्यात क्रियापद शेवटी येतं, अगदी आपल्यासारखं. वाक्य चढत चढत जातं आणि काय घडलं ते शेवटच्या शब्दावर कळतं, संगीताचं शिखरही तिथेच. इंग्रजीत क्रियापद आधीच येऊन जातं, मग शिखरावर उरतो एखादा 'देअर' किंवा 'नाऊ'. चांगला भाषांतरकार वाक्य उलटंपालटं करून योग्य शब्द त्या जागी आणतो. वाईट भाषांतरकार तसं करताना शेक्सपिअरच्या काळातलं इंग्रजी वापरतो आणि ऐकणाऱ्याला मूळ जर्मन परवडली असं वाटतं. पोर्टरच्या आधीची भाषांतरं बरीचशी या दुसऱ्या जातीची होती.

तिसरी गोष्ट स्वरांची, आणि ही आपल्याला समजावून सांगायला नको. वरच्या पट्टीत 'आ' गाणं सोपं, 'ई' अवघड. आपल्याकडेही तान आकारातच मोकळी होते. मूळ शब्दात जिथे 'आ' होता तिथे भाषांतरात 'ई' आली तर गायक एकतर स्वर चिणतो नाहीतर शब्द बिघडवतो. म्हणून सोप्रानो, म्हणजे सर्वांत वरच्या पट्टीत गाणाऱ्या गायिका, फार वर गेल्या की इंग्रजीतही शब्द कळत नाहीत. तिथे निराश होऊ नका, जर्मन माणसालाही ते जर्मनमध्ये कळत नाहीत. इंग्रजीत गाणाऱ्या त्याच इंग्लिश नॅशनल ऑपेराने २००५ पासून रंगमंचावर इंग्रजी उपशीर्षकं दाखवायला सुरुवात केली, यावरून काय ते समजा.

बरं, हे सगळं आपल्याला नवीन का वाटावं? संगीत नाटकांची जुनी पुस्तकं उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर कंसात 'चाल' म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे शब्द दिलेले असतात. आधीच्या चिजेच्या चालीवर नवे मराठी शब्द बसवायचे, जोर आणि जागा न हलवता. इंग्रजी ऑपेराचा भाषांतरकार तेच करतो, फक्त त्याला अर्थही तोच ठेवायचा असतो आणि चार तासांत एकही स्वर हलवायची मुभा नसते. नाट्यपदं ऐकत वाढलेल्या माणसाने या कामाला नाक मुरडावं हे मला जरा विचित्र वाटतं.

आणि तुम्ही जर्मन संगीत-नाटकातलं एक गाणं इंग्रजीत बहुधा आधीच ऐकलेलं आहे. 'मॅक द नाइफ'. कुर्ट वाइल आणि ब्रेख्त यांच्या 'थ्रीपेनी ऑपेरा'तलं, बर्लिन १९२८. मार्क ब्लिट्झस्टाइनचं इंग्रजी रूपांतर १९५४ मध्ये न्यूयॉर्कला रंगमंचावर आलं. त्याचेच शब्द घेऊन १९५५ मध्ये लुई आर्मस्ट्राँगने आणि १९५९ मध्ये बॉबी डॅरिनने ते गाणं जगभर पोचवलं. तेव्हा कुणाचे कान बिघडल्याची तक्रार ऐकिवात नाही. (पुलंनी याच नाटकाचा 'तीन पैशाचा तमाशा' केला, पण तिथे चालीही इथल्याच, म्हणून तो प्रकार वेगळा.)

कुठे इंग्रजी घेऊ नये? माझ्या मते रिचर्ड श्ट्राउसचा 'रोझेनकाव्हालियर'. त्यातला निम्मा जीव कोण कुणाला कसं संबोधतं यात आहे. पहिल्याच प्रसंगात तरुण ऑक्टाव्हियन मोठ्या घरच्या, वयाने मोठ्या प्रेयसीला थेट 'तू' म्हणतो. ती त्याला चिडवत जुन्या दरबारी पद्धतीने तृतीयपुरुषी बोलते, 'त्याला तक्रार करायची आहे का?' अशा थाटात. पुढे त्यांचं 'तू' आणि आदरार्थी संबोधन सतत सरकत राहतं, आणि त्या सरकण्यातच ती त्याला हळूहळू दूर करते आहे हे कळतं. इंग्रजीत सगळीकडे 'यू'. 'अहो'वरून 'अरे'वर येणं म्हणजे काय हे ज्या भाषेत कळतं त्या भाषेतल्या माणसाने हे हातचं घालवू नये. शिवाय बॅरन ऑक्सची गावंढळ व्हिएनीज बोली इंग्रजीत आणायची कशी? लंडनची बोली दिली तर तो व्हिएन्नाचा राहत नाही, न दिली तर कुठलाच राहत नाही. हा ऑपेरा मूळ जर्मनमध्ये, शब्द समोर ठेवून ऐका.

'मास्टरसिंगर्स' मात्र इंग्रजीत नक्की ऐका. गुडॉलचा तो १९६८ चा प्रयोगही सीडीवर आला आहे. शेवटी बेकमेसर हे विनोदी पात्र चोरलेली कविता गाण्याच्या स्पर्धेत गातो आणि शब्द पार चुकीचे वाचतो. मूळ ओळ आहे 'मोर्गनलिख लॉयख्टंड', सकाळच्या तेजात उजळणारी. तो गातो 'मोर्गन इख लॉयख्टं', म्हणजे सकाळी मी उजळतो. पुढे प्रकरण आणखी हाताबाहेर जातं आणि अख्खं न्युरेम्बर्ग हसतं. प्रेक्षकाला हसू यायचं तर भाषांतरकाराला ही चूक इंग्रजीत नव्याने करावी लागते, आणि डेरेक हॅमंड-स्ट्राउडच्या तोंडून ती ऐकताना सभागृह हसलेलंही ऐकू येतं.

'सालोमे'ची गंमत वेगळीच. शुद्धतावादी मित्राला एवढंच विचारा की त्याची मूळ भाषा कोणती. ऑस्कर वाइल्डने नाटक लिहिलं फ्रेंचमध्ये. हेडविग लाखमानने त्याचं जर्मन केलं आणि श्ट्राउसने ते भाषांतरच कापूनछाटून संगीतात बसवलं. म्हणजे 'मूळ' जर्मन सालोमे हेच एक भाषांतर. आणि मारिया कालास या विख्यात गायिकेने १९५० मध्ये रोमच्या रेडिओसाठी वाग्नरच्या 'पार्सिफाल'मधली कुंड्री इटालियनमध्ये गायली होती, हेही त्याला सांगून पाहा. ते रेकॉर्डिंग अजून विकलं जातं.

शोधताना एक लक्षात ठेवा. ऑपेराचं नाव इंग्रजीत टाका. 'डी वाल्क्युरं' टाकलंत तर जर्मनच येणार, 'द व्हॅल्किरी' टाका. शॅन्डॉस या कंपनीची 'ऑपेरा इन इंग्लिश' नावाची मालिका आहे, गुडॉलची 'रिंग'ही आता तिच्यात मिळते. पीटर मूर्स या धनिकाच्या प्रतिष्ठानाने तिला पैसा पुरवला. त्यांच्या घराण्याचा पैसा फुटबॉलच्या निकालांवर पैजा लावण्याच्या धंद्यातून आला होता, म्हणजे इंग्लंडातल्या सामान्य माणसाच्या दर आठवड्याच्या आशेतून इतके ऑपेरा इंग्रजीत आले.

सुरुवात वाग्नरपासून करू नका. आधी त्याच मालिकेतला चार्ल्स मॅकेरस या संचालकाने केलेला 'हॅन्सल अँड ग्रेटल' घ्या. मुलांची गोष्ट, दोन तासांच्या आत संपते, शब्द साधे. मग मॅकेरसनेच केलेला मोझार्टचा 'मॅजिक फ्लूट'. तो १७९१ मध्ये व्हिएन्नाच्या उपनगरातल्या एका लोकप्रिय थिएटरसाठी लिहिला गेला, दरबारासाठी नव्हे. तिथल्या लोकांना कळावं म्हणूनच तो जर्मनमध्ये होता. मग गुडॉलच्या 'सीगफ्रीड'चा फक्त पहिला अंक, त्यातला मीमे आणि वाटसरूचा कोड्यांचा प्रसंग. त्यानंतर दुसऱ्या अंकातला मघाशी सांगितलेला भाग.

तो आवडला की त्याच दिवशी तोच भाग जर्मनमध्ये लावा. मीमे काय बोलतोय ते आता तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे 'कोप्फ', म्हणजे डोकं, हा शब्द आपसूक कानाला सापडेल.