वाचकांचे प्रश्न : परड्यातील आफ्रिकन गोगलगाय

प्रश्न : आमचे गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे आहे. पावसाळा सुरू झाला की मोठ्या शंखाच्या गोगलगायी परड्यातील मिरची, कोबी आणि झेंडूची रोपे रातोरात फस्त करतात. मीठ टाकून पाहिले, पण उपयोग तेवढ्यापुरताच होतो. या गोगलगायींना खाणारी दुसरी जात आणून सोडावी, असे आमच्या एका पाहुण्यांनी सुचवले आहे. तसे करावे का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : करू नये. शंख लांबट, टोकाकडे निमुळता आणि तपकिरी पट्ट्यांचा असेल, तर ही आफ्रिकन राक्षसी गोगलगाय होय. ती मूळची पूर्व आफ्रिकेची असून 1847 मध्ये बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून कोलकात्यात आणली आणि तेथून ती देशभर पसरली. 2022 च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिवकडे तिने सोयाबीनचे कोवळे अंकुर खाल्ल्याने अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली होती.

आपल्या पाहुण्यांचा उपाय हवाई बेटांवर 1955 मध्ये करून झालेला आहे. तेथे या गोगलगायीच्या बंदोबस्तासाठी फ्लोरिडातील एक शिकारी गोगलगाय सोडण्यात आली. तिने आफ्रिकन गोगलगायीऐवजी बेटावरच्या लहान, झाडांवर राहणाऱ्या स्थानिक गोगलगायींवरच ताव मारला. तोच प्रयोग 1977 मध्ये प्रशांत महासागरातील मोरेआ बेटावर झाला आणि जेमतेम दहा वर्षांत तेथील पार्तुला गटातील गोगलगायींच्या जवळपास सर्व स्थानिक जाती रानातून नाहीशा झाल्या. आपल्या तालुक्यात तर भीमगड अभयारण्य आहे आणि सह्याद्रीच्या या पट्ट्यात स्थानिक गोगलगायींच्या कितीतरी जाती पालापाचोळ्यात निमूटपणे राहतात. त्यांच्यात असा शिकारी सोडणे हा अविचार ठरेल, आणि एकदा सोडलेला जीव परत गोळा करता येत नाही.

खरा उपाय कष्टाचा आहे. उन्हाळ्यात ही गोगलगाय शंखाचे तोंड बंद करून मातीत पडून राहते आणि वळवाच्या सरींनी जागी होते. म्हणून वेचणी मृगाआधीच सुरू करावी, पीक खाल्ले गेल्यावर नव्हे. संध्याकाळी बांधाकडेला ओले बारदान अंथरून त्याखाली कोबीची पाने किंवा पपईची साल ठेवावी. सकाळी बारदान उचलले की खाली जमलेल्या गोगलगायी एकगठ्ठा सापडतात. त्या मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाकून मग खोल पुराव्यात. चुना लावलेल्या भिंतीही तपासाव्यात, कारण कवच घडवण्यासाठी चुना लागत असल्याने त्या तेथे खरवडत बसलेल्या आढळतात. कुंड्यांखालच्या ओल्या मातीत ज्वारीच्या दाण्याएवढी पिवळसर अंडी दिसली तर ती चिरडून टाकावीत. एका वेळी शेकड्याने घातली जातात आणि प्रत्येक गोगलगाय नर-मादी दोन्ही असल्याने अंडी कोणतीही घालू शकते.

मीठ वाफ्यात टाकू नये, त्याने जमीन बिघडते. चुन्याची रेघ कोरड्या हवेत अडसर ठरते, पण जांबोटी-कणकुंबीच्या पावसात ती पहिल्याच सरीला वाहून जाईल. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या परिणामकारक असल्या तरी कुत्र्यांना अत्यंत विषारी आहेत, त्यामुळे उघड्या परड्यात त्या न वापरणेच बरे. वेचताना हातमोजे घालावेत आणि पालेभाजी नीट धुवावी, कारण या गोगलगायीतून उंदरांच्या फुफ्फुसातील एक कृमी माणसात शिरून मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. रोपवाटिकेतून रोपे आणलीत तर पिशवीतील माती उकरून पाहावी. बहुतेक गावांत हे संकट याच वाटेने येते. शेजारच्या कुंपणात त्या तशाच राहिल्या तर आपली मेहनत वाया जाईल, म्हणून वेचणी साऱ्या गल्लीने मिळून करावी.

प्रश्न : गावच्या तळ्यात आफ्रिकन मांगूर सोडण्याचा विचार आहे. मासा लवकर वाढतो, असे ऐकले.
— एक वाचक, हुक्केरी तालुका

उत्तर : लवकर वाढतो हे खरे, पण समोर येईल ते खाऊन. हवेत श्वास घेता येत असल्याने तो पावसात ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यातही जातो. त्याच्या पैदाशीवर केंद्र सरकारने 2000 मध्येच बंदी घातली आहे. तळ्यात रोहू, कटला आणि मृगळ यांची बोटुकली सोडावीत.