महामार्गाचा मार्ग संगणक ठरवतो, तर तो बागायतीतूनच का जातो?

रस्त्यांच्या आखणीचंच काम करतो, म्हणून लिहितोय. सर्वांत कमी खर्चाचा मार्ग सॉफ्टवेअर शोधतं, तर शेजारी माळरान असताना रेघ बागायतीतूनच का ओढली जाते, असं तुम्ही विचारलंय.

कारण आपणच भरलेल्या दरांत सापडतं. सॉफ्टवेअरला जमिनीच्या उंच-सखलपणाचा नकाशा द्यायचा, गावठाण, धरण, अभयारण्य अशा टाळायच्या जागा द्यायच्या, चढ किती चालेल ते सांगायचं (इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत सपाट मुलखात साधारण ३.३ टक्के, डोंगरात ५) आणि प्रत्येक कामाचा दर भरायचा. मग ते हजारो रेघा ओढून बघतं, स्वस्त पडतील त्या ठेवून त्यांतच फेरफार करत राहतं.

डोंगर त्याला महाग का पडतो बघा. समजा रस्त्यासाठी डोंगर कापायचाय: कापाची तळाशी ३० मीटर रुंदी, बाजूंचा उतार एकास एक, म्हणजे मीटरभर उंचीला मीटरभर बाहेर. ५ मीटर खोल खोदलं तर दर मीटर लांबीला १७५ घनमीटर खोदाई होते, १० मीटर खोदलं तर ४००. कातळ लागला की सुरुंगाचा खर्च वेगळा. सपाट काळ्या रानात यातलं काहीच नाही, त्यामुळे रेघ तिकडे पळते.

पण त्या रानाचा हिशेब बहुतेक वेळा अपुरा असतो. काळी माती फुगते, आकसते. ती भरावाला चालत नाही, मुरूम लांबून आणावा लागतो. सगळ्या मातीला एकच दर लावला तर हे संगणकाला कळणार कसं? जमिनीचंही तेच. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी दरपत्रकाचा आकडा जसाच्या तसा टाकतात; प्रत्यक्षात २०१३च्या भूसंपादन कायद्याने ग्रामीण भागात मोबदला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो. विहीर, पाइपलाइन, डाळिंबाची झाडं यांचं मूल्य त्यात धरावं लागतं ते निराळंच. समृद्धीसारखा १२० मीटरचा पट्टा घेतला तर एका किलोमीटरला १२ हेक्टर, म्हणजे जवळपास ३० एकर जातात. खरे दर घातल्यावर तीच रेघ माळाच्या कडेला सरकताना मी पाहिली आहे. आणि उंचीचा फुकट मिळणारा उपग्रह नकाशा ३० मीटरच्या चौकटींचा असतो. त्यात अरुंद ओढा दिसत नाही, विहीर तर नाहीच. म्हणून आखणी करणाऱ्याने शिवारात पायी फिरलंच पाहिजे, याबाबत मी अजिबात तडजोड करत नाही.

शिवाय नुसता बांधकामाचा खर्च धरायचा की पुढच्या पंचवीस-तीस वर्षांचं डिझेल, टायर, वेळही धरायचा? जागतिक बँकेच्या पुढाकारातून आलेलं एचडीएम-४ हे सॉफ्टवेअर हा दुसरा हिशेब करतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा मिसिंग लिंक घ्या. घाटातल्या सुमारे १९ किलोमीटरऐवजी १३.३ किलोमीटर, त्यात जवळपास ९ किलोमीटरचा एक बोगदा. फक्त बांधकाम मोजलं असतं तर ही रेघ पहिल्याच फेरीत बाद झाली असती.

तुमच्या गावावरून राष्ट्रीय महामार्ग जाणार असेल, तर १९५६च्या कायद्याखाली संपादनाची अधिसूचना निघाल्यापासून हरकतीला २१ दिवस मिळतात. तोवर थांबू नका. प्रकल्प अहवाल तयार होत असतानाच माहिती अधिकारात पर्यायी आखण्यांचा तक्ता मागवा आणि त्यात बागायतीला कोणता दर लावलाय ते आधी तपासा.