उघड्या पाठीचा हेडफोन आणि दोन खोल्यांचे घर

दहा-पंधरा हजारांच्या आसपास मिळणाऱ्या, केवळ संगीत ऐकण्यासाठी घेतलेल्या पहिल्या तारेच्या हेडफोनविषयी बरीच पत्रे आली आहेत. ‘कोणता घेऊ?’ असे विचारणारी पत्रे बाजूला ठेवून, घेतल्यानंतर पडलेल्या प्रश्नांनाच या वेळी उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी ओपन-बॅक प्रकारचा हेडफोन घेतला; पण दीड हजारांच्या जुन्या ब्लूटूथ हेडफोनपेक्षाही याचा बेस कमी वाटतो. शिवाय मी जे ऐकतो ते शेजारी बसलेल्या पत्नीलाही ऐकू जाते, आणि कुकरची शिट्टी मला. दुकानदार म्हणतो की शंभर तास वाजवत ठेवा, मग आवाज खुलेल. वस्तू सदोष तर नाही ना? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वस्तू सदोष नाही. बंद हेडफोनमध्ये आवाज काढणाऱ्या पडद्याची मागची बाजू वाटीने झाकलेली असते. आपल्या हेडफोनला तिथे जाळी आहे, त्यामुळे पडद्यामागून निघालेला आवाज वाटीत कोंडून पुन्हा कानावर येण्याऐवजी सरळ खोलीत निघून जातो. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने 1968 मध्ये पिवळ्या फोमच्या गाद्यांचा ‘एचडी 414’ आणला, तेव्हापासून ही रचना लोकप्रिय झाली. गाणे डोक्याच्या आत न वाजता थोडे बाहेर, मोकळ्या हवेत वाजल्यासारखे वाटते, हा तिचा गुण. घरातले आवाज आत येतात आणि आतला आवाज घरात जातो, ही त्या गुणाची किंमत.

बेसचे म्हणाल तर स्वस्त ब्लूटूथ हेडफोनमध्ये तो बहुधा मुद्दाम फुगवलेला असतो आणि आपला कान त्याला सरावलेला आहे. तबल्याचे एखादे एकलवादन दोन्हींवर ऐकून पाहावे. जुन्या हेडफोनवर डग्ग्याचा प्रत्येक ‘घे’ सारखाच धप्प वाजेल. नव्यावर तो आकाराने लहान वाटेल, पण वादकाने मनगट दाबत पुढे सरकवले की घुमारा चढत कसा जातो, हे शेवटपर्यंत ऐकू येईल. पंधरा दिवस जुना हेडफोन कपाटात ठेवावा, कारण रोज आलटून-पालटून ऐकल्यास कान कशालाच सरावत नाही.

त्याआधी एक गोष्ट तपासावी. आपण चष्मा वापरत असाल, तर त्याच्या काडीमुळे गादी आणि कानशील यांच्यामध्ये फट राहते आणि खालचे स्वर तिथूनच निसटतात. गाणे चालू असताना दोन्ही वाट्या बोटांनी हलकेच दाबाव्यात. बेस लगेच वाढला, तर दोष हेडफोनचा नसून तो कानावर नीट न बसण्याचा आहे, आणि बारीक काडीच्या चष्म्याने तो बराच कमी होतो. शंभर तासांच्या वाजवण्याने पडद्याचा आवाज पालटतो, यावर माझा विश्वास नाही. एवढ्या काळात गाद्या थोड्या बसतात, पट्टा सैलावतो आणि कान सरावतो. मात्र यांतले काहीही हेडफोन टेबलावर एकटाच वाजत ठेवल्याने होत नाही.

खरा प्रश्न घराचा आहे. दोन खोल्यांच्या घरात छताचा पंखा चारवर फिरत असेल, तर त्याची घरघर तंबोऱ्याच्या खर्जावर बसते आणि आपण नकळत आवाज वाढवत जातो. सोसायटीची पाण्याची मोटर सुरू होण्यापूर्वीचा पहाटेचा अर्धा तास आपल्या घरात आपला असेल, तर हा हेडफोन ठेवावा. तसा अर्धा तास दिवसभरात मिळतच नसेल, तर तो खोक्यासकट विकून त्याच पैशांत बंद वाटीचा घ्यावा. लोकलमध्ये तर ओपन-बॅकचा विचारही करू नये.

प्रश्न : मी 250 ओहमचा बायरडायनॅमिक ‘डीटी 770 प्रो’ घेतला आहे. ॲम्प्लिफायरशिवाय तो वाया गेला, असे मित्र म्हणतात. मी फोनला डोंगल (तारेचा हेडफोन जोडायचे छोटे उपकरण) जोडून ऐकतो. आणखी आठ-दहा हजार घालावेत का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मित्रांचे म्हणणे अर्धे खरे आहे. हाच हेडफोन 32 आणि 80 ओहमच्या आवृत्त्यांतही मिळतो. ओहम म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा विरोध; ते जितके जास्त तितका तेवढ्याच शक्तीसाठी व्होल्टेज जास्त लागतो. डोंगलमधून साधारण एक व्होल्ट मिळतो असे धरले, तर 32 ओहमच्या हेडफोनला सुमारे 31 मिलिवॅट मिळतात आणि आपल्या 250 ओहमच्या हेडफोनला फक्त 4. मात्र 4 मिलिवॅट ऐकायला वाटतात तितके क्षुल्लक नाहीत. या हेडफोनची संवेदनशीलता एका मिलिवॅटला सुमारे 96 डेसिबल असल्यामुळे 4 मिलिवॅटवर तो 102 डेसिबलपर्यंत जाऊ शकतो.

तरीही आवाज कमी पडल्याची तक्रार येते, कारण सगळी ध्वनिमुद्रणे सारख्या उंचीवर केलेली नसतात. आजचे चित्रपटगीत पहिल्या मात्रेपासून जवळजवळ कमाल पातळीवर असते. मैफलीतल्या ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात मात्र तबल्याच्या थापेसाठी आणि टाळ्यांसाठी वर जागा राखलेली असते, म्हणून आलाप बराच खाली राहतो. आपण असाच एखादा विलंबित ख्याल लावावा. फोनचा आवाज पूर्ण चढवूनही आलाप दूरचा वाटत असेल, तर ॲम्प्लिफायर घ्यावा. तीन-चतुर्थांशावरच पोट भरत असेल, तर नको. फक्त ओहमच्या आकड्यावर विसंबू नये, कारण प्लॅनर (सपाट, पातळ पडद्याच्या) प्रकारचे काही हेडफोन कमी ओहमचे असूनही भरपूर शक्ती मागतात.

प्रश्न : दुसऱ्याच पावसाळ्यात गाद्यांचे काळे आवरण पापुद्र्यांसारखे सुटून केसांना आणि कानांना चिकटू लागले. नव्या गाद्यांचा आवाज वेगळा वाटतो. शिवाय डाव्या बाजूला अधूनमधून चुरचुरते. – एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : ते आवरण चामड्याचे नसून पॉलियुरेथेनचे आहे, आणि दमट हवेतल्या पाण्यामुळे ते आतून तुटत जाते, कोकणात हे लवकर होते एवढेच. घाम आणि खोबरेल तेल त्यात भर घालतात. तेल लावलेल्या दिवशी हेडफोन वापरू नये, ऐकून झाल्यावर गाद्या कोरड्या सुती फडक्याने पुसाव्यात, आणि जून ते सप्टेंबर तो सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवावा. पुड्या मधूनमधून बदलाव्यात, नाहीतर तोच डबा ओल धरून ठेवतो. पुढच्या वेळी मखमली गाद्या मिळाल्यास त्या घ्याव्यात.

गादीची जाडी बदलली की पडद्यापासून कानाचे अंतर बदलते, आणि कापड बदलले की फट बदलते, म्हणून आवाजही बदलतो. मखमलीत बेस थोडा उतरतो. मूळ मापाच्या गाद्या मिळत असतील, तर स्वस्त पर्यायांच्या मागे लागू नये.

चुरचुरीबाबत माझाच अनुभव सांगतो. माझ्या उजव्या बाजूला खर्जाच्या स्वरावर असाच आवाज येऊ लागला, तेव्हा पडदा फाटला असे समजून मी आठवडाभर हळहळत होतो. शेवटी गादी काढून विजेरी लावून पाहिले, तर जाळीतून आत गेलेला एक आखूड पांढरा केस पडद्याला टेकलेला होता. तो बारीक चिमट्याने ओढून काढला आणि आवाज थांबला. आपणही आधी तेच पाहावे, पण चिमट्याचे टोक जाळीच्या आत घालू नये, आणि फुंकर किंवा व्हॅक्यूम क्लीनर मुळीच वापरू नये.

प्रश्न : दहावीतला मुलगा माझा हेडफोन तासन्‌तास वापरतो. कानाला धोका आहे का? – एक वाचिका, पुणे

उत्तर : धोका किमतीत नसून पातळीत आणि वेळात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी 80 डेसिबल आठवड्याला 40 तास, आणि लहान मुलांसाठी 75 डेसिबल तेवढाच वेळ, ही मर्यादा आहे. पातळी 3 डेसिबलने वाढली की वेळ निम्मा होतो; म्हणजे 89 डेसिबलवर प्रौढालाही पाचच तास उरतात. चांगल्या हेडफोनवर मोठा आवाज फाटत नाही, त्यामुळे तो मोठा आहे हे कळतच नाही. फोनमध्ये कमाल आवाजाची मर्यादा घालून द्यावी.

प्रश्न : नवा हेडफोन आल्यापासून किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकवत नाहीत, खरखर असह्य होते. रेडिओवर त्या कधी अशा वाटल्या नाहीत. – एक वाचक, मिरज

उत्तर : मिरजेहून, खाँसाहेबांच्याच गावाहून, हा प्रश्न यावा याचे बरे वाटले. खाँसाहेब 1937 मध्ये गेले, आणि त्यांच्या उत्तरकाळातल्या मुद्रिका लाखेच्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर आहेत. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. त्या तबकड्यांवर वरच्या पट्टीतले साधारण सहा-सात हजार हर्ट्झपर्यंतच काही उतरत असे, त्याच्या वर आहे ती फक्त सुईची घासणी. जुन्या रेडिओचा स्पीकर तिथवर पोहोचतच नव्हता, म्हणून ती लपत होती. नवा हेडफोन ती प्रामाणिकपणे ऐकवतो.

दोन उपाय करावेत. पहिला, फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू करावे. मूळ मुद्रिका मोनो आहे, पण पुष्कळदा ती स्टिरिओ यंत्रावर वाजवून उतरवलेली असते, आणि मग खाचेच्या दोन भिंतींची खरखर दोन कानांत वेगवेगळी पसरते. दोन्ही बाजू एकत्र केल्या की आवाज मध्यभागी ठाम उभा राहतो आणि खरखरीचा बराच भाग परस्पर कटतो. दुसरा, इक्वलायझरमध्ये सहा हजारांच्या वरचा भाग हळूहळू उतरवावा.

‘स्वच्छ केलेल्या’ आवृत्त्यांच्या मोहात मात्र पडू नये. खरखरीबरोबर त्यांत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची झणझणती गुंजही खरवडली जाते, आणि गाणे पाण्याखालून आल्यासारखे लागते. आपल्या गावातले तंबोऱ्याचे कारागीर घोडीवर तारेखाली सूत सरकवत जवारी जुळवताना ज्या क्षणी हात थांबवतात, तोच न्याय इथे लावावा: तंबोऱ्याची ही गुंज बोथट होऊ लागली की इक्वलायझरवरचे बोट उचलावे आणि उरलेली खरखर राहू द्यावी.