हातात आधी टेप घे

प्रश्न : मला रेस्पिरेटरी थेरपिस्ट व्हायचंय. घरचे म्हणतात, त्यात मशीनची बटणं फिरवण्यापलीकडे काही नसतं. खरंच तसं आहे का? शिवाय माझं गणित बेताचं आहे. झेपेल का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : बटणं फिरवायची असतातच गं, पण कुठलं आणि किती, हे कळण्यासाठीच तर शिकायचं.

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला दर श्वासाला किती हवा द्यायची? नवीन मुलं हमखास पेशंटचं वजन विचारतात. मी त्यांच्या हातात टेप देते. माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसं वाढत नाहीत, ती उंचीच्या हिशेबात असतात. झोपलेल्या पेशंटची उंची मोजायची आणि सूत्राने अपेक्षित वजन काढायचं. १६५ सेंटिमीटर उंचीच्या बाईचं ते साधारण ५७ किलो येतं, प्रत्यक्षात ती ९० किलोची का असेना. तिला एआरडीएस, म्हणजे फुप्फुसांना सूज येऊन ऑक्सिजन कमी पडण्याचा गंभीर आजार, असेल तर किलोमागे ६ मिलिलिटरपासून हिशेब धरतात, म्हणजे सुमारे ३४० मिलिलिटर. ९० ने गुणलंस तर ५४० होतात आणि आधीच आजारी असलेली फुप्फुसं जास्त ताणली जातात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात १२ ऐवजी ६ मिलिलिटरचा हिशेब ठेवल्यावर मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ वर आलं. गणित लागतं ते एवढंच, गुणाकार-भागाकाराचं. पण ते चुकून चालत नाही.

शरीरशास्त्र, औषधं, एबीजी (धमनीतल्या रक्तातले वायू आणि आम्लता तपासणारी चाचणी) रिपोर्ट वाचणं हे वर्गात होईल. पीएच ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५, हे आकडे आपोआप पाठ होतात. बेडजवळचं शिकायला मात्र वेळ लागतो. अलार्म वाजला की नजर स्क्रीनकडे जाते, ती आधी पेशंटच्या छातीकडे गेली पाहिजे. दोन्ही बाजू सारख्या हलतायत का? नळी दुमडली, की कफ अडकला? सॅच्युरेशन घसरतंय आणि कारण सापडत नाहीये, तर व्हेंटिलेटर काढून अँबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या फुग्यासारख्या पिशवीने, श्वास द्यायचा, मग शोधत बसायचं. हे हाताला सवयीचं व्हावं लागतं.

आणि सगळं काम आयसीयूतच नसतं. दम्याच्या पेशंटला इनहेलर नीट ओढायला शिकवणं हेही आपलंच काम, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

नाइट ड्यूटी असते, काही पेशंट जातातही. घरी हे आधीच सांग.

प्रवेश घेण्यापूर्वी कॉलेजला विचार : आयसीयूत किती तास मिळतात, आणि तिथे बेडजवळ शिकवायला कोण उभं असतं? उत्तर गोलमोल आलं तर दुसरं कॉलेज बघ.