काठ खचतोय? वरून मुरूम ओतू नका, पायथा धरा

प्रश्न : मोहोळ तालुक्यात सीनेच्या काठाला आमची साडेतीन एकर जमीन आहे. सप्टेंबर २०२५ च्या पुरात काठाकडच्या उसाच्या चार सऱ्या नदीत गेल्या आणि अजून काठ बसतोच आहे. दुकानदार माती घट्ट करणारी पावडर आणि जिप्सम टाका म्हणतो. जेसीबीवाला दगड-मुरूम ओतू म्हणतो. काय करावे? (भीमाकाठावरून, मंगळवेढा-पंढरपूर भागातूनही हेच विचारले आहे. करमाळ्याच्या शेतकऱ्यांनी उजनी धरणाच्या फुगवट्याच्या, म्हणजे मागे साठलेल्या पाण्याच्या, काठाबद्दल विचारले आहे.)

उत्तर : पावडर घेऊ नका. मुरूम ओतू नका. आणि मे महिन्यात जेसीबी बोलावू नका.

दरड कधी पडते ते आठवा. पूर चढताना फारशी पडत नाही, उतरताना पडते. पाणी भरलेले असते तोवर तेच काठाला टेकू देत असते. काळी माती पाणी पिऊन जड झालेली असते. पाणी झपाट्याने उतरले की टेकू जातो आणि धारेने खालून कोरलेला काठ आख्खा खाली बसतो. म्हणजे दुखणे पायथ्याला आहे. वरून टाकलेला मुरूम खचणाऱ्या कडेवर आणखी ओझे होतो आणि पुढच्या पुरात तुमच्या पैशांसह नदीत जातो. हे मी एका नव्हे, कितीतरी शेतांत पाहिले आहे.

दुसरे कारण आपल्याच हातातले आहे. एका शेतात ऊस अगदी कडेपर्यंत होता आणि पाणी मोकाट. कडेपासून चार फुटांवर काठाला समांतर बोटभर रुंदीची भेग होती. त्यात काडी घातली तर हातभर आत गेली. सरीचे पाणी त्या भेगेत शिरत होते आणि खाली दरडीच्या अंगाला पाझर फुटला होता. नदी कोरडी असतानाही त्या शेतकऱ्याचा काठ पडत होता! अशी भेग दिसली की तिच्यात माती ठासून भरा, वर थोडा उंचवटा करा आणि त्या पट्ट्यात ट्रॅक्टर, जनावर, पोरेबाळे कुणालाही जाऊ देऊ नका. मोटारीच्या पाइपलाइनचे काठावरचे सांधेही तपासा. एक गळका सांधा वर्षभरात घळ पाडतो.

काठाकडचा पंधरा फुटांचा पट्टा सोडा. तिथे नांगर नाही, पीक नाही, सरीचे पाणी नाही. तीन-चार सऱ्या गेल्याचे वाईट वाटेल, पण नदी चार घेऊन गेलीच आहे.

आता तणनाशक. दुकानातून ‘बांध स्वच्छ करा’ म्हणून ग्लायफोसेटचा डबा हातात देतात आणि पंपाला दुप्पट टाका म्हणतात. काठावर तणनाशक मारू नका. दुप्पट तर नाहीच, अर्धेही नाही. लव्हाळा, हरळी, बेशरम, जे काही तिथे वाढते आहे त्याची मुळेच माती धरून आहेत. तण जळाले की पुढच्या पावसात ती उघडी माती जाते. जनावरांना चारा हवा असेल तर विळ्याने कापा, मुळे राहू द्या.

जिप्समबद्दल. ते चोपण, म्हणजे सोडियम वाढून चिकट झालेल्या, जमिनीचे औषध आहे, काठ बांधायचे सिमेंट नव्हे. काठावरचे सुके ढेकूळ काचेच्या पेल्यात पावसाच्या स्वच्छ पाण्यात अलगद सोडा, हलवू नका. ढेकूळ नुसते फुटून खाली बसले तर जिप्समची गरज नाही. भोवती दुधासारखा ढग पसरला तर माती पाण्यात विरघळणारी आहे. मग मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून घ्या आणि अहवालात येईल तेवढेच जिप्सम टाका. दुकानदार सांगतो त्या मापाने नको.

माझा भर वाळ्यावर आहे, म्हणजे खस. चांगल्या ओलीत पहिल्या वर्षातच त्याची मुळे सरळ खाली सहा-सात फूट आणि पुढे त्याहून खोल जातात. आडवी पसरून उसाला त्रास देत नाहीत. उभ्या दरडीवर मात्र तोही टिकत नाही. आधी उतार काढा, एक फूट उंचीला दोन फूट आडवे. दहा फुटी काठाला शंभर फूट लांबीत जवळजवळ दोन गुंठे जातात. हे काम पूर ओसरल्यावर, ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरात करा आणि उतार काढला त्याच आठवड्यात लावण करा. उन्हाळ्यात मोकळा केलेला उतार पहिल्या वळवातच वाहून जातो. जुलै-ऑगस्टमधली कोवळी लावण पुरात उपटून जाते. दोन-तीन फुटव्यांचा ठोंब, पाने वीतभर ठेवून छाटलेली, अर्ध्या फुटाला एक. शंभर फुटांच्या ओळीला सुमारे दोनशे ठोंब लागतात. पहिली ओळ पायथ्याला, मग दर तीन-चार फूट उंचीला एक. खड्ड्यात मूठभर कुजलेले शेणखत टाका, बस. डीएपीची गोणी आणि ह्युमिकची बाटली दुकानातच राहू द्या. दोन महिने पाणी घाला, मेलेले ठोंब लगेच भरा. एक फट राहिली की पाणी तिथूनच घुसते.

सावलीत वाळा दम धरत नाही, म्हणून झाडे मागे लावा. करंज, जांभूळ चालेल. बांबू अगदी कडेवर नको. त्याची मुळे वरवर असतात, पायथा कोरला की आख्खे बेट मातीसकट कोसळते.

उजनीकाठी धारेपेक्षा लाटांचा मारा आहे. पाणी जिथे जास्त दिवस थांबते तिथे लाट खाच पाडते, म्हणून ओळी त्या पातळीच्या वर-खाली दाट घ्या. पाणी मागे सरकेल तसतशी लावण खाली न्या. संपादित जमिनीत काही करायचे तर आधी धरण विभागाला विचारा.

धार थेट अंगावर येते अशा वळणावर नुसत्या वाळ्याने भागणार नाही. तिथे पायथ्याला चर खणून जाळीत बांधलेला दगड आणि त्यामागे खडीचा थर लागतो. ते जलसंपदा विभागाच्या अभियंत्याला दाखवून, परवानगीनेच. मनाने उभी भिंत बांधू नका. तिच्यामागे पाणी साठते आणि तीच ढकलली जाते. समोरच्या काठावर धार वळली तर भांडण वेगळेच. आणि तुमच्या समोरच्या पात्रातून वाळू उपसली जात असेल तर तहसीलदारांकडे लेखी द्या. तळ खोल गेला की कुठलाच पायथा टिकत नाही.

भरपाई : जमीन वाहून गेली असेल तर तलाठ्याकडून पंचनाम्यात ‘जमीन खरडली’ हे वेगळे लिहून घ्या, नुसते पीक नुकसान नको. कडेपासून मागे बांबू लावायचा तर त्यासाठी मनरेगातून अनुदान मिळत असे, आता काय आहे ते कृषी सहाय्यकाला विचारा.

शेवटचे : वाळ्याची मुळे तेलासाठी विकत घेतो, करार करा, असे सांगत माणसे फिरत आहेत. वरकड रानात वाळा लावून खुशाल विका. काठावरच्या ओळीला कुदळ लावू देऊ नका. मुळे खणली की उतारावर चराची रांग तयार होते आणि पहिल्याच पुराला वाट मिळते.