बेसबॉलमध्ये हुआन सोटो बॅरी बाँड्सचा कारकिर्दीतल्या ७६२ होम रनचा (चेंडू सीमेपार मारून काढलेल्या धावांचा) विक्रम मोडेल का? सार्वकालिक यादीत तो कुठे बसेल?

मोडणार नाही. पाचशेच्या पुढे जाईल, अंगाने साथ दिली तर सहाशेही गाठेल, आणि सहाशे झाले की पहिल्या दहात बसेल. ७६२ विसरा.

तुम्ही प्रश्नाखाली मांडलेलं गणित असं: २०२५ चा हंगाम संपला तेव्हा सोटोचे २४४ झाले, वय सत्तावीस, त्याच्या संघाशी, न्यू यॉर्क मेट्सशी, करार २०३९ पर्यंत. उरले ५१८, हंगाम १४, म्हणजे वर्षाला ३७. गेल्या दोन हंगामांत ४१ आणि ४३ मारणाऱ्याला ३७ काय जड? अगदी हेच गणित आम्ही सिअ‍ॅटलची मंडळी आमच्या केन ग्रिफी ज्युनियरसाठी मांडत होतो. तेव्हाही भागाकार बरोबरच होता.

२००० चा हंगाम संपला तेव्हा ग्रिफीचे ४३८ होते. तेव्हाचा विक्रमवीर हँक अ‍ॅरन, त्याचे त्याच वयाच्या हंगामाअखेर ३६६. म्हणजे ७५५ करणाऱ्या माणसाच्या तो ७२ ने पुढे होता. विक्रम मोडणार की नाही यावर कोणी बोलतच नव्हतं, कुठल्या वर्षी मोडणार एवढंच बोलायचे. मग हॅमस्ट्रिंग, गुडघा, खांदा, घोटा. २००२ ते २००४ या तीन हंगामांत मिळून तो २०६ सामने खेळला आणि ४१ होम रन मारले. शेवट ६३० वर.

२००७ च्या जूनमध्ये ग्रिफी सिनसिनाटी रेड्सकडून पहिल्यांदा सिअ‍ॅटलला परत खेळायला आला. माझे साडू सॅन होझेचे, म्हणजे बाँड्सच्या सॅन फ्रान्सिस्कोजवळचे, सुट्टीत सगळं कुटुंब घेऊन आमच्याकडे उतरले होते. मोठ्या हौसेने त्यांना रविवारच्या सामन्याला नेलं. त्या दिवशी ग्रिफीने दोन मारले. आमच्याच संघाविरुद्ध, आणि तरी सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. साडू मात्र बसूनच होते. म्हणाले, "एवढं काय त्यात? अजून सहाशे नाहीत याचे. आमच्या बाँड्सचा आकडा बघ." बाँड्स तेव्हा साडेसातशेच्या तोंडाशी होता. ऑगस्टमध्ये त्याने अ‍ॅरनला मागे टाकलंच. घरी येताना गाडीत त्यांचं सुरूच, "ज्याला स्वतःचं अंग सांभाळता येत नाही, तो कसला महान? आळशी होता तो, व्यायाम नको होता त्याला." पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत आमच्यात हाच विषय.

ग्रिफी आळशी नव्हता. तो सेंटर फील्डला खेळायचा, जिथे सगळ्यात जास्त पळावं लागतं, आणि त्याची पहिली साडेदहा वर्षं सिअ‍ॅटलच्या जुन्या किंगडोम स्टेडियममधल्या त्या कडक कृत्रिम गवतावर गेली. १९९५ मध्ये झेल घेताना भिंतीवर आदळून त्याचं मनगट मोडलं, पण चेंडू हातातून सुटला नाही. २००३ मध्ये चेंडूवर झेप टाकताना खांदा निखळला. म्हणजे संघाच्या धावा वाचवताना मोडलेला माणूस आहे हा. आणि आकडेच काढायचे असतील तर हाही काढा: हॉल ऑफ फेमच्या मतदानात ग्रिफीला २०१६ मध्ये, पहिल्याच वर्षी, ९९.३ टक्के मतं मिळाली. एका हंगामात ७३ मारणाऱ्या बाँड्सला तिथे लागणारी ७५ टक्के मतं दहा वर्षांत एकदाही मिळाली नाहीत. का, ते बाल्कोचं स्टेरॉइड प्रकरण आठवणाऱ्यांना सांगायला नको.

आता सोटो. सव्विसाव्या वर्षाच्या हंगामाअखेर त्याचे २४४, ग्रिफीचे २३८, अ‍ॅरनचे २१९ आणि बाँड्सचे १४२. चौघांत जो सगळ्यात मागे होता तोच यादीत सगळ्यात वर आहे. म्हणून या वयात जागा ठरवायला जाऊ नका. अ‍ॅरनने कधीच एका हंगामात ४७ च्या वर मारले नाहीत, पण सलग वीस हंगाम वीसच्या खाली आला नाही. दुसरं म्हणजे सोटो वाईट चेंडूला बॅट लावत नाही. २०२५ मध्ये त्याला १२७ वॉक (चार वाईट चेंडू सोडले की फुकट मिळणारा पहिला बेस) मिळाले. संघासाठी हे सोन्यासारखं आहे, पण प्रत्येक वॉक म्हणजे होम रनची एक संधी गेली. वय वाढेल तसं वर्षाला ३७ चं सरासरी गणित इथेही अडेल.

सोटोच्या बाजूनेही बोलायला हवं. २०२० चा हंगाम साठच सामन्यांचा होता, तिथे त्याचे सहज वीसेक बुडाले असतील. तो सेंटरला नाही, कडेच्या फील्डला उभा राहतो आणि ग्रिफीसारखा भिंतींवर जात नाही, त्यामुळे त्याचं शरीर जास्त टिकेल. शिवाय मेट्स आणि रेड्स ज्यात आहेत त्या नॅशनल लीगमध्येही २०२२ पासून डीएच आहे, म्हणजे क्षेत्ररक्षण न करता फक्त बॅटिंग करणारा खेळाडू. मेट्सनी तिशी उलटताच त्याला ग्लोव्ह ठेवायला लावावा आणि फक्त बॅटिंग करू द्यावी. क्षेत्ररक्षणात तसंही फार नुकसान होणार नाही. एवढं केलं तर माझा सहाशेचा अंदाज साडेसहाशेपर्यंत वाढवायला मी तयार आहे.

ग्रिफीला रेड्समध्ये ही सोय नव्हती. दुखऱ्या पायांनी मैदानात उतरायचं, नाहीतर बाहेर बसायचं. २००९ मध्ये सिअ‍ॅटलला परतल्यावर बहुतेक डीएच म्हणूनच खेळला आणि एकोणचाळिसाव्या वर्षी त्याने १९ मारले. साडूंना हे मी गेल्या दिवाळीत फोनवर ऐकवलं, तर म्हणाले, "जर-तरला आकडा नसतो." आहे ना. डीएच मिळाला असता तर ग्रिफी सातशेच्या पलीकडे गेला असता, हे मी आजही त्यांच्या तोंडावर सांगेन.